गोव्यांतील सान्ता मोनिका मठ : संन्यासिनी, हुंडा आणि जमीन

जमीन कोणाच्या नांवें आहे, ती त्याजकडे कोणत्या वाटेनें आली, आणि त्याच्या पश्चात् ती कोणाकडे जाणार, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून कोणत्याहि गांवाचा इतिहास पुरा होत नाहीं. महसुली दप्तरांत ज्यांची हयात गेली त्यांस ही गोष्ट सांगावयास नको. आणि ज्या शेतकऱ्यानें एकदां तरी वांटणीचा दावा लढविला आहे त्यासहि ती सांगावयास नको. ह्याच तीन प्रश्नांच्या आधारें आज एका वेगळ्या संस्थेचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. ती संस्था म्हणजे जुन्या गोव्यांतील सान्ता मोनिका हा ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ होय.

आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून गोव्यास जाणारे आपल्यापैकीं पुष्कळ आहेत. जुन्या गोव्यांतील मोठीं प्रार्थनामंदिरें पाहून ते परत येतात; परंतु तेथेंच टेकडीवर उभ्या असलेल्या ह्या तिमजली इमारतीकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. ह्या इमारतीच्या आंत अडीचशेंहून अधिक वर्षें स्त्रिया राहिल्या, आणि त्यांच्यामागून त्यांचे हुंडे व वारसाहक्कहि आंत आले. मुलीस वांटा द्यावा कीं हुंडा द्यावा, तिनें हक्क सोडला तर तो खुषीनें सोडला कीं भिडेनें, आणि जमीन एकदां संस्थेच्या नांवें चढली म्हणजे पुढें तिचें काय होतें, हे प्रश्न आपल्या घरोघरचे आहेत. म्हणून हा इतिहास परकीय असला तरी आपणांस परका नाहीं.

बेनेडिक्टचा नियम व मठांची शेती

ख्रिस्ती धर्मांत पुरुषांप्रमाणें स्त्रियांनींहि संसार सोडून मठांत राहण्याची चाल फार जुनी आहे. पश्चिम युरोपांत ह्या चालीस शिस्त लावण्याचें श्रेय इटलींतील नुर्सिया येथील संत बेनेडिक्ट (सुमारें इ. स. ४८० ते ५४७) ह्याजकडे जातें. त्यानें माँते कास्सिनो येथें मठ स्थापिला व मठवासीयांसाठीं ७३ प्रकरणांचा एक नियमग्रंथ रचिला. दिवसाचे भाग पाडून प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत करावी. कोणीं स्वतःची म्हणून मालमत्ता ठेवूं नये. मठप्रमुखाची आज्ञा पाळावी. आणि ज्या मठांत प्रवेश केला तेथेंच मरेपर्यंत राहावें, असा त्या नियमाचा थोडक्यांत मतलब आहे. त्याची बहीण स्कोलास्टिका हीस ह्या पंथांतील संन्यासिनी आपली मूळमाता मानितात.

एका जागीं मरेपर्यंत राहण्याचा नियम शेतीच्या दृष्टीनें मोठ्या महत्त्वाचा ठरला. जो उद्यां उठून जाणार तो बांध घालीत नाहीं, झाड लावीत नाहीं, विहिरीस हात घालीत नाहीं. जो पिढ्यान् पिढ्या राहणार तोच जमिनीत पैसा व घाम घालतो. बेनेडिक्टी मठांनीं युरोपांत रानें तोडून जमीन वहितीस आणिली, दलदलींतील पाणी काढून दिलें, द्राक्षमळे लाविले, पाणचक्क्या बांधिल्या. ह्याचें मूळ ह्या स्थैर्यांत आहे.

संन्यासिनींचे मठहि ह्यांत मागें नव्हते. इंग्लंडांत आल्फ्रेड राजानें सुमारें इ. स. ८८८ मध्यें शाफ्ट्सबरी येथें मठ स्थापून आपली मुलगी एथेल्गिफू हीस त्याची पहिली प्रमुख नेमिलें. इ. स. १००१ मध्यें एथेल्रेड राजानें ब्रॅडफर्ड हें गांव ह्या मठास इनाम दिलें. पुढें १०८६ मध्यें विल्यम राजानें सर्व देशाची जी चौकशी करून डूम्सडे नांवाचें दप्तर तयार करविलें, त्यांत ह्या मठाच्या गांवांची नोंद आहे. नांगर किती, कुळें किती, चक्क्या किती, कुरण किती, वसूल किती, अशा बाबी त्या दप्तरांत गांववार मांडिल्या आहेत. आपल्याकडील जमाबंदीचीं कागदपत्रें हाताळलेल्या मनुष्यास तें दप्तर ओळखीचें वाटेल. ब्रॅडफर्ड येथें चौदाव्या शतकाच्या आरंभीं मठानें बांधिलेलें धान्याचें कोठार अद्याप उभें असून त्याची लांबी सुमारें १६८ फूट आहे. शाफ्ट्सबरीच्या प्रमुख संन्यासिनीचें ग्लॅस्टनबरीच्या मठाधिपतीशीं लग्न लागतें तर त्यांच्या वारसाची जमीन राजाहून अधिक भरती, अशी थट्टा त्या देशीं लोक करीत. आठव्या हेन्री राजाच्या अमदानींत, १५३९ मध्यें, हा मठ बंद झाला व त्याची मालमत्ता राजाकडे गेली.

दुसरें उदाहरण जर्मनींतील बिंगेनची हिल्डेगार्ड (१०९८ ते ११७९) हिचें. ही विदुषी औषधी वनस्पतींवर लिहिणारी, गीतें रचणारी व मठ चालविणारी होती. सुमारें ११५० मध्यें तिनें पुरुषमठाच्या आश्रयांतून निघून ऱ्हाईन नदीकांठीं रूपर्ट्सबर्ग येथें आपल्या सहचारिणींसाठीं स्वतंत्र मठ थाटला. तेव्हां अडचण अशी पडली कीं, ह्या मुलींच्या घरच्यांनीं त्यांच्याबरोबर दिलेल्या जमिनी जुन्या मठाच्या ताब्यांत होत्या, व त्या सोडण्यास तेथील साधु राजी नव्हते. हा तंटा बरींच वर्षें चालला व ११५८ मध्यें माइंट्सच्या आर्चबिशपानें सनद करून दिल्यावर मिटला. मुलीबरोबर गेलेली जमीन मुलीची, कीं जेथें ती गेली त्या घराची? प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे.

आपल्या देशांतहि संन्यासिनी नवीन नव्हत. कान्हेरी व कुडें येथील लेण्यांत बौद्ध भिक्षुणींनीं केलेल्या दानांचे शिलालेख आहेत. आपल्या करवीर प्रांतांतील जैन शेतकऱ्यांस आर्यिकांची परंपरा ठाऊकच आहे. परंतु आर्यिका ही विहार करणारी, तिच्या नांवें ना घर ना शेत. युरोपांतील मठ हा मात्र जमीनदार होता, आणि तोच साचा पोर्तुगीजांनीं गोव्यास आणिला.

गोव्यांतील जमीन व धर्मसंस्था

पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतलें, त्या वेळीं तेथील गांवांची जमीन गांवकरी पद्धतीनें चाले. मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांचा समूह गांवच्या जमिनीचा सामाईक धनी असे. भातशेतें लिलावानें खंडानें द्यावयाचीं, सरकारसारा व गांवखर्च एकत्र भागवावयाचा, आणि उरेल तें गांवकऱ्यांनीं वांटून घ्यावयाचें, अशी ती व्यवस्था होती. खाड्यांच्या कांठची खाजण जमीन तर एकट्यादुकट्याच्या हातून टिकणारीच नव्हे. खारें पाणी अडविणारे बांध व पाण्याचीं दारें सर्वांनीं मिळून राखावीं लागत. १५२६ मध्यें आफोंसु मेशिया ह्या अधिकाऱ्यानें गांवकऱ्यांचे हे रिवाज लिहून काढून त्यांस सरकारी मान्यता दिली.

गांवकऱ्यांनीं देवळांस, पुजाऱ्यांस व इतर सेवकांस जमिनी लावून दिल्या होत्या. १५४० च्या सुमारास तिसवाडींतील देवळें पाडण्यांत आलीं, आणि १५४१ मध्यें त्यांच्या जमिनींचें उत्पन्न ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांकडे वळविण्यांत आलें. नंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व १५७२ पासून ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांचे मठ गोव्यांत वाढले. राजाच्या देणग्या, श्रीमंतांचीं मृत्युपत्रें आणि खरेदी ह्या वाटांनीं भातशेतें, माडांच्या बागा व शहरांतील घरें त्यांच्या नांवें होत गेलीं. अनेकांचें उत्पन्न उत्तरेकडील वसई प्रांतांतील गांवांवरहि असे.

मठाची स्थापना

गोव्यांत स्थायिक झालेल्या पोर्तुगीज घराण्यांपुढें मुलींचा प्रश्न मोठा होता. शिपाई पुष्कळ, परंतु तोलामोलाचे वर थोडे. आणि कुलीन वरास हुंडा भारी. लिस्बनहून राजाच्या खर्चानें अनाथ मुली पाठविण्यांत येत व त्यांच्याशीं लग्न करणारास सरकारी नेमणूक हुंड्यादाखल मिळे, त्यामुळें स्थानिक घरांतील मुलींची अडचण आणखी वाढे. समुद्रावर किंवा लढाईंत नवरे मेल्यामुळें विधवाहि पुष्कळ होत.

१५९५ पासून गोव्याचे आर्चबिशप असलेले आलेइशो द मेनेझिस हे स्वतः ऑगस्टिनियन पंथाचे होते. त्यांनीं प्रथम स्त्रियांसाठीं दोन आश्रयगृहें उभारण्यांत पुढाकार घेतला : एक आवर लेडी ऑफ द सेरा हें कुलीन मुलींसाठीं व स्त्रियांसाठीं, आणि दुसरें संत मेरी मॅग्डलिन हें मार्ग चुकलेल्या स्त्रियांसाठीं. १६०६ मध्यें त्यांनीं सान्ता मोनिका मठाची स्थापना केली. मोनिका हें संत ऑगस्टीनच्या आईचें नांव. हा मठ बेनेडिक्टचा नियम पाळणारा नसून ऑगस्टीनच्या नियमाचा होता; तथापि ठराविक वेळांची प्रार्थना, बाहेर न पडण्याचें व्रत, मठास लागणारा हुंडा व जमिनीचें उत्पन्न हा सर्व मांड युरोपांतील जुन्या मठांचाच होता. पूर्वेकडील देशांत संन्यासिनींचा हा पहिला मठ होय. फिलिपा फेरैरा ही विधवा व तिची मुलगी मारिया ह्या मायलेकींची गणना मठाच्या मूळ संस्थापक स्त्रियांत होते.

इमारतीचें काम १६२७ मध्यें पुरें झालें. मधोमध मोठा चौक, चोहोंबाजूंनीं ओवऱ्या, तीन मजले, आणि जाड भिंतींस बाहेरून आधाराचे भक्कम पुस्ते, अशी तिची रचना आहे. १६३६ मध्यें मठास मोठी आग लागली व लगेच त्याची पुन्हां उभारणी झाली. त्याच वर्षीं ता. ८ फेब्रुवारी रोजीं मठाच्या मंदिरांतील क्रुसावरील येशूच्या मूर्तीनें डोळे उघडले व तिच्या जखमांतून रक्त वाहिलें, अशी भाविकांची श्रद्धा असून त्यामुळें हें मंदिर रडत्या क्रुसाचें मंदिर म्हणून ओळखिलें जातें. राजाश्रय मिळाल्यानें मठास ‘राजमठ’ असेंहि म्हणत.

मठांतील राहणी

मठांत शिरलेली स्त्री पुन्हां बाहेर येत नसे. भेटीस आलेल्या नातलगांशीं बोलणें जाळीआडून. वस्तूंची देवघेव भिंतींत बसविलेल्या फिरत्या फळीवरून. काळ्या पदराच्या संन्यासिनी प्रार्थना म्हणत व मठाच्या कारभारांत त्यांस मत असे. पांढऱ्या पदराच्या संन्यासिनींकडे घरकाम असे. आणि त्यांखालीं दासी असत. काळा पदर सामान्यतः पोर्तुगीज रक्ताच्या व हुंडा आणूं शकणाऱ्या मुलींस मिळे. संसाराचा त्याग करूनहि बाहेरच्या जगांतील उच्चनीच भाव आंत शिरला तो असा.

बेनेडिक्टनें अंगमेहनतीचा जो नियम घालून दिला होता, त्याचें गोव्यांत काय झालें हेंहि पाहण्यासारखें आहे. येथील संन्यासिनींचें काम म्हणजे शिवण, भरतकाम, वाद्यगायन व मिष्टान्नें. अंड्यांचा बलक, नारळाचें दूध व साखर ह्यांचे थरावर थर भाजून केलेलें बेबिंका हें पक्वान्न ह्याच मठांतील बेबियाना नांवाच्या संन्यासिनीनें प्रथम केलें, अशी गोव्यांत आख्यायिका आहे. शेतांत चिखल तुडविणारा मात्र कूळच. युरोपांतहि पुढेंपुढें असेंच झालें होतें. जमीन वाढली तसा मठवासीयांचा हात नांगरावरून निघून खंडाच्या वहीवर गेला.

तरीहि मठाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. त्या काळीं स्त्रीस लिहावाचावयास शिकण्याची, संस्थेचा हिशेब पाहण्याची, प्रमुख निवडण्याची व स्वतः प्रमुख होण्याची संधि मठाबाहेर क्वचितच मिळे. ज्या विधवेस पुन्हां लग्नाची सक्ति नको होती तिला मठ हें आश्रयाचें ठिकाण होतें. कित्येक स्त्रिया मनापासून व्रतस्थ होत्या, हें नाकारण्याचें कारण नाहीं. तेव्हां मठांत जाणें हें वाईट कीं चांगलें, हा प्रश्न खरा नव्हे. जाण्याचा निश्चय कोणाचा होता, मुलीचा कीं बापाचा, हा खरा प्रश्न आहे.

हुंडा आणि हक्कसोड

पोर्तुगीज कायद्यांत मुलींस वारसा होता. बापास आपल्या मालमत्तेपैकीं एक तृतीयांश मर्जीप्रमाणें देतां येई. उरलेले दोन तृतीयांश मुलगे व मुली ह्यांत सारखे वांटावे लागत. म्हणजे चार मुली असलेल्या घरची इस्टेट फुटणार हें ठरलेलें. लग्न करावें तर हुंडा भारी, न करावें तर वांटा द्यावयाचाच. अशा वेळीं मठाचा मार्ग सोयीचा वाटे. मठाचा हुंडा एकदां भरला, मुलीनें व्रत घेण्यापूर्वीं आपल्या वारसाहक्काचें सोडपत्र लिहून दिलें, कीं भावांचा वांटा मोठा राही. पोर्तुगाल व स्पेन ह्या दोन्ही देशांच्या अमलाखालीं ही रीत सर्वत्र परिचित होती.

ह्या रीतींत जुलूम होतो हें धर्मगुरूंसहि दिसत होतें. त्रेंत येथील मोठ्या धर्मसभेनें डिसेंबर १५६३ मध्यें ह्याबाबत जे ठराव केले ते आजहि विचार करण्याजोगे आहेत. सोळा वर्षें पुरीं झाल्यावांचून व एक वर्ष उमेदवारी केल्यावांचून कोणास व्रत देऊं नये. मालमत्तेचें सोडपत्र व्रताच्या आधीं दोन महिन्यांच्या आंत आणि बिशपाच्या परवानगीनें झालें असेल तरच तें ग्राह्य. त्यापूर्वीं केलेलें, शपथेवर केलेलें असलें तरीहि, रद्द. व्रत घेण्यापूर्वीं मुलीच्या मालमत्तेंतून अन्नवस्त्राच्या खर्चापलीकडे मठास कांहींहि देऊं नये. कारण मालमत्ता मठानें घेतली म्हणून तिला परत फिरतां आलें नाहीं, असें होतां कामा नये. बिशपानें किंवा त्याच्या प्रतिनिधीनें मुलीस जातीनें विचारावें कीं तुजवर सक्ति झाली आहे काय, तुला फूस लाविली आहे काय, आपण काय करीत आहों हें तुला समजतें काय. आणि जो कोणी स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध मठांत घालील, त्यास धर्मबाह्य समजावें.

नियम इतका बारीक करावा लागला ह्यावरूनच रोग किती पसरला होता हें दिसतें. ज्या गांवीं चोरी होत नाहीं तेथें कुलुपें लागत नाहींत. आणि नियम झाला तरी तो चालविणारीं माणसें त्याच समाजांतील असतात. बापाच्या देखत विचारलेल्या प्रश्नास मुलगी कोणतें उत्तर देणार, हें आपण सर्व जाणतों.

नगरसभेची तक्रार

मठ सधन होत चालला तशी गोव्याच्या नगरसभेंत कुरकूर सुरू झाली. सतराव्या शतकांत सभेनें पोर्तुगालच्या राजाकडे तक्रारी केल्या. त्यांचा आशय असा कीं, शहरांतील श्रीमंत मुली व विधवा मठांत जातात; त्यांच्याबरोबर त्यांचे हुंडे व मिळकती जातात; राजाची चाकरी केलेल्या लोकांस लग्नास मुली व संसारास पैसा उरत नाहीं; आणि ही मिळकत पुन्हां कधीं बाजारांत येत नाहीं. मठाच्या बांधकामावर देखरेख केलेले फ्रेय दियोगु द सांताना ह्यांनीं मठाच्या वतीनें विस्तृत लेखी उत्तर दिलें. मठांतील संन्यासिनींची संख्या शंभरावर जाऊं नये अशी मर्यादा राजानें घातली.

ह्या तक्रारींत स्वार्थ होताच. नगरसभेस मुलींच्या सुखाचा कळवळा होता असें नाहीं, त्यांस त्यांचे हुंडे हवे होते. परंतु मिळकतीविषयींचा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मनुष्य मरतो, तेव्हां त्याची जमीन वारसांत जाते; तो कर्जबाजारी होतो, तेव्हां विकली जाते; मुली देतो, तेव्हां फुटते. संस्था मरत नाहीं, लग्न करीत नाहीं, वांटणी मागत नाहीं. तिच्या हातीं गेलेली जमीन परत येत नाहीं. युरोपांतील कायदेपंडितांनीं ह्यास ‘मृतहस्त’ असें नांव दिलें होतें. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजानें १२७९ मध्यें ह्याविरुद्ध कायदा केला. पोर्तुगालच्या १६०३ च्या कायदेसंग्रहांतहि राजाच्या परवानगीवांचून धर्मसंस्थांनीं स्थावर मिळकत घेऊं नये असा निर्बंध होता. निर्बंध असूनहि मठांच्या मिळकती वाढल्या, ह्यांत नवल नाहीं. परवानगी देणारेहि भाविकच होते.

उतरती कळा

मठांचे दिवस फिरले ते अनेक कारणांनीं. जुनें गोवें शहर तापसरायी व सांथींनीं ओस पडत चाललें. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, तेव्हां उत्तरेकडील गांवांवर अवलंबून असलेल्या गोव्यांतील धर्मसंस्थांचें उत्पन्न बुडालें. १७५९ मध्यें जेझुइटांस पोर्तुगीज राज्यांतून हांकून त्यांची मिळकत जप्त झाली. शेवटीं १८३४ मध्यें पोर्तुगालच्या सरकारनें धर्मपंथांचे मठ मोडण्याचा हुकूम काढला. शेजारचा ऑगस्टिनियन साधूंचा मठ १८३५ मध्यें ओस पडला; त्याच्या मंदिराची कमान १८४२ मध्यें कोसळली आणि १९३१ मध्यें दर्शनी भाग व मनोऱ्याचा कांहीं भाग पडला. उरलेला मनोरा अद्याप दिसतो. १८४३ मध्यें पणजी ही रीतसर राजधानी झाली.

सान्ता मोनिका मठास वेगळा नियम लागू झाला. असलेल्या संन्यासिनींनीं मरेपर्यंत राहावें, परंतु नवी उमेदवार घेऊं नये. आंबराई तोडावयाची नाहीं, पण नवें रोपहि लावावयाचें नाहीं, अशांतला हा प्रकार. एकामागून एक स्त्री गेली. शंभर जणींसाठीं बांधिलेल्या ओवऱ्यांत बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. आणि १८८५ मध्यें शेवटची संन्यासिनी वारली. मठ सरकारच्या ताब्यांत गेला व पुढें कांहीं काळ तेथें लष्कराचा तळ होता. १९६१ मध्यें गोवें मुक्त झालें. १९६४ पासून तेथें मातेर देई ही संन्यासिनींस धर्मशिक्षण देणारी संस्था आहे, व २००२ मध्यें रायतूर येथील ख्रिस्ती कलेचें संग्रहालय येथें आणण्यांत आलें.

जी जमीन कधीं परत येणार नाहीं असें वाटत होतें ती अशा रीतीनें मठाच्या हातून गेली. परंतु ती जिनें हक्क सोडला तिच्या कुळीकडे गेली नाहीं, आणि जो कसत होता त्याच्याकडेहि गेली नाहीं. गोव्यांतील कुळांस संरक्षण मिळालें तें १९६४ च्या कूळकायद्यानें, व मालकीचा मार्ग खुला झाला तो त्या कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीनें.

आपल्या उपयोगाचा भाग

ह्या इतिहासांतून आपण काय घ्यावें? प्रथम मुलींच्या वांट्याची गोष्ट. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस बापाच्या हिश्श्यांत वारसा दिला. महाराष्ट्रानें १९९४ मध्यें व केंद्र सरकारनें ता. ९ सप्टेंबर २००५ पासून तिला एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलाप्रमाणें जन्मतःच हक्क दिला. आणि हा हक्क मिळण्यास २००५ मध्यें बाप हयात असण्याची जरूर नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें दिला. कायदा असा स्पष्ट झाल्यावर हक्कसोडपत्रांचें महत्त्व वाढलें आहे. बहीण माहेरीं यावयाची, चोळीबांगडी घ्यावयाची, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरींत सही करून परत जावयाची, हा देखावा आपल्याकडे नित्याचा आहे. कित्येक बहिणी हें मनापासून करितात, माहेर तुटूं नये म्हणूनहि करितात. त्यांना नांवें ठेवावयाचीं नाहींत. परंतु जी गोष्ट साडेचारशें वर्षांपूर्वीं त्रेंतच्या धर्मगुरूंस सुचली ती आपणांस सुचूं नये काय? सही घेण्यापूर्वीं महिना-दोन महिन्यांची मुदत द्यावी. क्षेत्र, आकार व आजचा बाजारभाव तिला सांगावा. भावाच्या किंवा बापाच्या देखत नव्हे तर वेगळें बसवून, तिच्या विश्वासाच्या माणसाकडून तिला विचारवावें. आणि तिनें नाहीं म्हटलें तर तिचें माहेरपण पूर्वीप्रमाणेंच चालवावें. हक्कसोड खऱ्या खुषीची असेल तर ह्यानें तिला बाध येणार नाहीं. बाध येत असेल तर ती खुषीची नव्हती, इतकेंच सिद्ध होईल.

आपल्या करवीर संस्थानांत राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९२० मध्यें देवास मुली सोडण्याच्या चालीस कायद्यानें बंदी केली होती. जोगतीण आणि ख्रिस्ती संन्यासीण ह्यांची स्थिति एक नव्हे, व त्यांची तुलना करणें योग्यहि नव्हे. तरी देवाच्या नांवावर मुलीचें आयुष्य ठरविण्याचा अधिकार घरच्या कर्त्यास नाहीं, हें तत्त्व दोन्ही ठिकाणीं एकच आहे.

दुसरी गोष्ट संस्थांस जमीन देण्याची. आपल्या भागांत देवस्थान इनाम, वर्ग तीन, हा प्रकार प्रत्येकास ठाऊक आहे. ही जमीन सरकारच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनीं इतर कुळें मालक झालीं तेव्हां सूट मिळालेल्या न्यासांच्या जमिनीवरील कुळें मागेंच राहिलीं. देवासाठीं, शाळेसाठीं किंवा आश्रमासाठीं दान करणें हें पुण्यकर्म खरेंच. परंतु दान करणारानें तीन गोष्टी कागदावर स्पष्ट लिहाव्या : उत्पन्नाचा विनियोग कसा व्हावा, हिशेब कोणास दाखवावा, आणि संस्था बंद पडल्यास जमीन कोणाकडे जावी. कसणारा कोण आहे, त्याचें पुढें काय, हेंहि त्यांत असावें. शक्य तेथें जमिनीऐवजीं तिचें उत्पन्न द्यावें, हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

तिसरी गोष्ट कागदांची. हिल्डेगार्डसारख्या कर्त्या स्त्रीस सुद्धां आपल्या सहचारिणींच्या जमिनीसाठीं वर्षानुवर्षें भांडावें लागलें, कारण देतांना जमीन कोणास दिली हें वेगळें केलें नव्हतें. मुलीस, सुनेस किंवा संस्थेस कांहीं द्यावयाचें तर तें नोंदणी केलेल्या दस्तानें द्यावें, फेरफार वेळेवर घालावा, व सात-बाराच्या उताऱ्यावर नांव चढलें कीं नाहीं हें स्वतः पाहावें. फेरफाराची नोटीस आली असतां ती न वाचतां सही करूं नये, आणि घरांतील स्त्रीच्या नांवची नोटीस तिच्याच हातीं द्यावी. ह्या हंगामांत सुगी उरकल्यावर प्रत्येकानें आपल्या खात्याचे उतारे एकदां काढून, त्यांवर बहिणींचीं व मुलींचीं नांवें आहेत कीं नाहींत, आणि नसल्यास तीं कोणत्या फेरफारानें कमी झालीं, एवढें तरी पाहून ठेवावें.